दात्यांचा हिशेब : प्रस्तावना

सांगलीहून मिरजेला रोज नोकरीला जाणारा एक माणूस आणि साताऱ्याचं कामकाज आटोपून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या वाटेवरच्या गावी परतणारा दुसरा. दोघांनी एकाच दुकानातून एकसारखी बिनगिअरची सायकल घेतली, तर दोघांपैकी एकाच्या वाट्याला चुकीची सायकल आलेली असते. सायकलीत खोट नसते, दुकानदारही सरळ असतो. पुढच्या चेनव्हीलला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८, ही आपल्याकडच्या साध्या सायकलींची सर्रास मिळणारी जोडी. ती कोणत्या रस्त्यासाठी, हे घेताना कुणी विचारत नाही आणि विकताना कुणी सांगत नाही. त्या एका प्रश्नासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

गिअरच्या सायकलवर निवड चुकली तर बोटाने खटका दाबून सुधारता येते. एकाच गिअरच्या सायकलवर निवड एकदा होते, आणि पुढे वर्षानुवर्षं तिची किंमत गुडघे आणि मांड्या मोजतात. म्हणून इथे दाता न् दाता महत्त्वाचा. हिशेब अवघड नाही. ४४ ला १८ ने भागलं की २.४४ येतात, म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक जवळजवळ अडीच फेरे फिरतं. चाक २८ इंची असेल तर त्या एका फेऱ्यात सायकल साधारण ५.४६ मीटर पुढे जाते. ताशी २० किलोमीटरने जायचं तर मिनिटाला ६१ फेरे मारावे लागतात, आणि सपाटीवर ते अगदी अंगवळणी पडणारं आहे. मागे २२ दाते लावले तर तोच फेरा ४.४७ मीटरचा होतो. पाय जास्त फिरतात, जोर कमी लागतो. मागच्या १८ मध्ये एक दाता वाढवला तर सुमारे साडेपाच टक्क्यांचा फरक पडतो, पुढच्या ४४ मधला एक दाता कमी केला तर सव्वादोन टक्क्यांचा. मागून मोठा फेरफार करायचा आणि पुढून बारीक, ही या कामातली पहिली रीत त्यातूनच आली.

एका गिअरच्या सायकलींत दोन घराणी आहेत. एक फ्रीव्हीलचं, म्हणजे पाय थांबवले तरी सायकल चालत राहते. दुसरं फिक्सचं. फिक्समध्ये मागचं दातेरी चाक हबला जखडलेलं असतं. सायकल चालतेय तोवर पायडल फिरतच राहणार, उतारावरसुद्धा. ट्रॅकवरच्या शर्यती आजही फिक्सवरच होतात. आपल्याकडे पुण्याच्या बालेवाडीचा ट्रॅक त्यासाठीच आहे. दोन्ही घराण्यांचं गणित सारखंच, पण अडचणी वेगळ्या. फ्रीव्हीलवाल्याला फक्त चढाचा विचार करावा लागतो. फिक्सवाल्याला उताराचाही.

या गणिताचा उगम पाहायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं. पुढचं चाक माणसाच्या छातीइतकं उंच आणि मागचं हातभर, अशा त्या जुन्या सायकलींना चेन नव्हती. पायडल थेट पुढच्या चाकालाच, त्यामुळे एका फेऱ्यात किती अंतर जायचं ते चाकाच्या व्यासावर ठरायचं, आणि चाकाचा व्यास चालवणाऱ्याच्या पायाच्या लांबीवर. म्हणजे उंच माणसाचा गिअर मोठा, बुटक्याचा छोटा. रस्त्याला विचारायची सोयच नव्हती. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली यांची रोव्हर आली, चेन मागच्या चाकाला गेली, आणि गिअर ही गोष्ट माणसाच्या मापापासून सुटी झाली. तरी मोजणी जुनीच राहिली. आजही इंग्रजी पद्धतीत गिअर इंचात सांगतात, म्हणजे तुमची सायकल त्या उंच सायकलीच्या किती इंची चाकाबरोबरीची, एवढाच त्याचा अर्थ. आपली ४४-१८ ही ६८ इंचांची.

रोव्हरनंतर तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, डनलॉप यांनी हवेचा टायर आणला. त्याच १८८८ मध्ये बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भाऊ रामूअण्णांच्या साथीने सायकलींचं दुकान काढलं. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईत शिकवत होते, सायकली तिथून पाठवत होते. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केले, १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, आणि पंप-इंजिनांचा पसारा उभा राहिला. तो इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. मला त्यातली एक बारीक गोष्ट पुढे ठेवायची आहे. फ्रीव्हीलचा सर्वत्र प्रसार झाला तो १९०० च्या आसपास. म्हणजे बेळगावच्या त्या दुकानात सुरुवातीच्या वर्षांत आलेल्या सायकली फिक्सच असणार. ज्या घराण्याला आज पुण्या-मुंबईतली पोरं नवी हौस समजतात, त्या घराण्याची सायकल आपल्या भागात आधी आली आणि फ्रीव्हील तिच्यामागून. आज किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात आहे. जुन्या सातारा जिल्ह्यातून १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. या पुस्तकात सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे एकत्र का घ्यावेसे वाटले, त्याचं थोडं कारण तिथे आहे.

खरं कारण जमिनीचं आहे. कृष्णा महाबळेश्वराला साधारण साडेतेराशे मीटर उंचीवर उगम पावते, वाईला उतरते, कऱ्हाडला कोयना घेते, आणि सांगलीला पोचून पुढे हरिपूरला वारणा घेते तेव्हा उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास आलेली असते. एकाच नदीकाठाने खाली येताना सायकलस्वाराला सगळ्या जातीचे रस्ते भेटतात. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट बारा-तेरा किलोमीटरांत साडेपाचशेहून जास्त मीटर चढतो. खंबाटकी आहे, यवतेश्वर आहे. खाली आष्टा, सांगली, मिरज या पट्ट्यात काळ्या रानातून गेलेले रस्ते, दोन्ही बाजूंना ऊस, आणि मैलोगणती नाव घेण्यासारखा चढ नाही. विट्याच्या आणि खानापूरच्या घाटमाथ्यावर पुन्हा वरखाली सुरू. दोन जिल्ह्यांत मिळून एका गिअरच्या निवडीचे बहुतेक सगळे पेच बसतात. हा विषय शिकायला याहून चांगला मुलूख मला माहीत नाही.

जगात या विषयावर विचार झाला तो वेगवेगळ्या वाटांनी. फ्रेंचांनी इंच टाकून दिले आणि एका फेऱ्यात किती मीटर, हे माप धरलं. या पुस्तकात मी तेच वापरलं आहे, कारण रस्ता मीटरमध्ये मोजला जातो आणि इंचांचं माप एका मोडीत निघालेल्या सायकलीच्या आठवणीवर टेकलेलं आहे. तिसरं माप अमेरिकेतले शेल्डन ब्राऊन यांचं. २००८ मध्ये वारलेल्या या मेकॅनिकने दाखवून दिलं की दाते आणि चाक मोजून भागत नाही, क्रँकची, म्हणजे पायडलच्या दांड्याची, लांबीही धरावी लागते. १६५ मिलिमीटरच्या क्रँकवर जी सायकल थोडी जड वाटते ती १७० च्या क्रँकवर तीन टक्क्यांनी हलकी होते. त्यांचं म्हणणं बिनतोड आहे. आपल्याकडे मात्र साध्या सायकलीला क्रँक बदलून घेणारा विरळा, म्हणून मी ते माप परिशिष्टात ठेवलं आहे.

निवडीच्या बाबतीतही तट पडले. इंग्लंडच्या क्लबवाल्यांनी हिवाळ्यात फिक्सवर, साठ-पासष्ट इंचांच्या हलक्या गिअरवर, भराभर पाय फिरवायची सवय लावून घेतली. हंगामाच्या सुरुवातीला तर ७२ इंचांहून मोठा गिअर लावायचाच नाही अशा अटीच्या शर्यती होत. फ्रेंच शर्यतीची गोष्ट निराळी. टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला बंदी होती. मागच्या हबच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चाकं असायची. घाटाच्या पायथ्याशी स्वार उतरायचा, चाक सोडून उलटं बसवायचा आणि चढायला लागायचा. ट्रॅकवाल्यांची दिशा तिसरी. १९७२ मध्ये मेक्सिको सिटीला एडी मर्क्स यांनी एका तासात ४९.४३१ किलोमीटर तोडले तेव्हा त्यांच्या सायकलीला ५२-१४ दाते होते. २०२२ मध्ये फिलिपो गाना यांनी ५६.७९२ किलोमीटर केले ते ६५-१४ वर. पन्नास वर्षांत एका फेऱ्याची झेप पंचवीस टक्क्यांनी वाढली. हे आकडे वाचून विशीतला मुलगा आपल्या सायकलीला मोठं चेनव्हील शोधायला लागतो. त्याला माझं कळकळीचं सांगणं आहे की मर्क्सच्या तासात एकही चढ नव्हता, सिग्नल नव्हता, समोरून उसाचा ट्रॅक्टर येत नव्हता. ट्रॅकचा गिअर रस्त्यावर आणायचा नाही.

आपल्या दोन जिल्ह्यांतही तट आहेत, फक्त ते कुणी लिहून ठेवले नाहीत. गावच्या जत्रेत बैलगाडीच्या, घोडागाडीच्या बरोबरीने सायकलीच्या शर्यती लागतात. तिथे साध्या सायकलीचं मडगार्ड, कॅरिअर, स्टँड उतरवून तिला हलकं करतात. सपाट रस्त्यावर मागे १६ दाती फ्रीव्हील बसवलं की एक फेरा ६.१४ मीटरचा होतो. मिनिटाला शंभर फेरे मारणारा पोरगा ताशी सदतीस किलोमीटरला टेकतो. ही वेगवाल्यांची बाजू. दुसरी बाजू ओझेवाल्यांची. हँडलला आणि कॅरिअरला दुधाच्या किटल्या, किंवा मागे वैरणीचा भारा बांधून निघालेल्या माणसाला वेगाचं सोयरसुतक नसतं. त्याला थांबलेल्या सायकलीला पुन्हा हलवायचं असतं, आणि ते वीस-बावीस दात्यांवर जमतं. माझं झुकतं माप या दुसऱ्या बाजूला आहे, ते इथेच सांगून टाकतो. रोजच्या वापराच्या सायकलीला कारखाना देतो त्याहून दोन दाते जास्तीचं फ्रीव्हील बहुतेकांना मानवेल असं माझं मत आहे, आणि पुस्तकभर मी ते मांडलं आहे.

हे मत हवेतलं नाही. यवतेश्वरच्या वाटेवर सहा टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटरला सहा मीटर वर नेणारा, एक तुकडा डोळ्यांसमोर घ्या. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो. चढाविरुद्ध आणि टायरच्या घासण्याविरुद्ध साधारण ६० न्यूटन जोर सतत लावावा लागतो. धडधाकट माणूस अर्धा-पाऊण तास टिकवू शकेल अशी ताकद १५० वॅट धरू. त्या ताकदीवर सायकल ताशी ९ किलोमीटरने चढते. इथपर्यंत दात्यांचा काही संबंध नाही. घाट आणि माणूस यांचाच हा हिशेब. दाते ठरवतात ते हे नऊ किलोमीटर कसे कापायचे. ४४-१८ वर मिनिटाला २७ फेरे पडतात आणि पायडलवर सरासरी ३२ किलोचा जोर द्यावा लागतो. पण पाय गोलाईत सगळीकडे सारखा दाबत नाही. क्रँक आडवा येतो तेव्हा हाच जोर पन्नास किलोवर जातो. एवढा जोर गादीवर बसून देता येत नाही, माणूस उभा राहतो, हँडल ओढतो, दोन वळणांत दमतो आणि उतरून ढकलायला लागतो. ४४-२२ वर तेच ३४ फेरे होतात आणि सरासरी जोर २६ किलोवर येतो. अजून जडच आहे, पण बसून जमण्याच्या हद्दीत आलं. ताकद तीच, वेग तोच, माणूस सायकलवर राहिला. चार दात्यांनी एवढा फरक पडतो.

सांगलीकरांना यातून सुटका आहे असं वाटेल. पण सपाटीला वारा आहे. उघड्या रानातल्या रस्त्यावर ताठ बसून जाणाऱ्याच्या तोंडावर ताशी २० किलोमीटरचं वारं आलं, तर २० च्याच वेगाने जायला लागणारी ताकद जवळपास पावणेतीनपट होते. साडेतीन टक्क्यांचा चढ समोर उभा राहिल्यासारखंच ते. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर आणि कवठेमहांकाळ तालुक्यात ढालगावच्या माळावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. जो सकाळी वारं पाठीवर घेऊन कामाला जातो आणि संध्याकाळी तेच तोंडावर घेऊन परततो, त्याने सकाळच्या मजेवर गिअर ठरवू नये. दिवसातला सर्वांत वाईट तुकडा कोणता, थकव्याच्या कोणत्या घटकेला तो येतो, आणि तेव्हा पाठीमागे किती ओझं असतं, यावर दाते ठरावेत. पुस्तकातला सगळा युक्तिवाद या वाक्याभोवती आहे.

फिक्सवाल्यांसाठी वाईट तुकडा उताराचाही असू शकतो. ४६-१८ लावलेली ७०० सी चाकांची फिक्स यवतेश्वरहून खाली ताशी चाळीसने सुटली, तर मिनिटाला १२४ वेळा पाय फिरतात, आणि थांबवता येत नाहीत. हलका गिअर चढाला वाचवतो आणि उताराला पाय भोवंडून टाकतो. म्हणून घाटाच्या मुलखात फिक्सला मधला मार्ग काढावा लागतो, किंवा फ्रेंचांची जुनी युक्ती: दुतोंडी हब, एका बाजूला फिक्स आणि दुसऱ्या बाजूला मोठं फ्रीव्हील. पायथ्याशी चाक उलटवायला पाच-दहा मिनिटं लागतात. ब्रेकशिवाय फिक्स चालवायची जी टूम मोठ्या शहरांत आहे तिला माझा साफ विरोध आहे. आपल्या घाटात तर तो जिवाशी खेळ. पुढचा ब्रेक हवाच. मागचं चाक अडवून घसरत थांबणाऱ्यांसाठी गणिताची एक गंमत मात्र पुस्तकात दिली आहे. ४८-१६ ही जोडी बरोब्बर तीनाला एक असल्यामुळे एकच पाय पुढे ठेवून चाक अडवणाऱ्याचा टायर दरवेळी एकाच जागी घासतो आणि लवकर फाटतो. ४७-१७ ला हीच घसट सतरा जागी वाटली जाते.

आता हे पुस्तक का, हा प्रश्न वाजवी आहे. बाजारात आज जाड टायरच्या, २६ इंची, दिसायला डोंगरी आणि आतून बिनगिअरच्या सायकली ढिगाने विकल्या जातात. त्यांच्यावर ४४-१८ लावलं तरी गिअर २८ इंचीच्या मानाने हलका पडतो, आणि तरी सायकल जड चालते, कारण रुंद टायर डांबरावर घासतो आणि त्यातली हवा बहुधा कमीच असते. घेणाऱ्याला वाटतं गिअर चुकला. दुसरीकडे स्वस्त गिअरच्या सायकली पहिल्या पावसाळ्यातच खडखडायला लागतात. उसाच्या दिवसांतला रस्त्यावरचा चिखल आणि माती डिरेलरला, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला, सोसत नाही, आणि तालुक्याच्या गावात तो जुळवून देणारा हात सहजी मिळत नाही. अशा ठिकाणी नीट निवडलेला एकच गिअर जास्त टिकतो आणि जास्त उपयोगी पडतो. फ्रीव्हील बदलणं ही तर सायकलीतली स्वस्तातली दुरुस्ती. गरज आहे ती कोणतं बसवायचं हे ठाऊक असण्याची.

ते ठाऊक असलेली माणसं आहेत, पण त्यांची दुकानं एकेक करून मोटारसायकलींकडे वळली. जुना मेकॅनिक गिऱ्हाइकाला आधी विचारायचा, जाणार कुठे, मागे काय बांधणार. मग मागच्या चाकाचे नट ढिले करून, चेनवर अंगठा दाबून ढील बघायचा. फ्रीव्हीलचे दोन दाते वाढले की मागचा अ‍ॅक्सल साधारण सहा मिलिमीटर पुढे सरकवावा लागतो; आपल्या साध्या सायकलींच्या मागच्या खाचा आडव्या असल्यामुळे चेनला हात न लावता तेवढी जागा निघते. चार दाते वाढवले तर बारा मिलिमीटर, आणि अॅक्सल आधीच खाचेच्या पुढच्या टोकाला असेल तर चेनमध्ये कड्या घालाव्या लागतात. ही मापं त्याने कधी लिहिली नाहीत, पण चुकतही नव्हती. अशा अनेक कारागिरांच्या पायरीवर बसून जे ऐकलं, ते मी आकड्यांना लावून तपासलं, आणि जिथे त्यांचा हात आणि माझं गणित जुळलं नाही तिथे दोन्ही बाजू छापल्या आहेत. त्यांची नावं त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत.

पुस्तकात काय नाही तेही सांगतो. डिरेलरच्या सायकलींची, विजेवर चालणाऱ्या सायकलींची चर्चा इथे नाही. व्यायामाचे तक्ते नाहीत. सर्वांना लागू पडेल असा एकच गिअर तर मुळीच नाही. तो शोधत कुणी पानं उलटणार असेल तर हाती काही लागणार नाही. आहेत ती रस्ता वाचायची साधनं: चढ टक्क्यांत कसा ओळखावा, वाऱ्याचा अंदाज कसा घ्यावा, ओझ्याचा हिशेब कसा धरावा, आणि मग त्यातून दात्यांपर्यंत कसं यावं. तक्ते २८ इंची, २६ इंची आणि ७०० सी अशा तिन्ही चाकांसाठी दिले आहेत, १४ ते २२ दात्यांपर्यंत. उदाहरणांतले रस्ते सगळे या दोन जिल्ह्यांतले आहेत. सोलापूरच्या किंवा कोकणातल्या वाचकाने तिथे आपले रस्ते घालावेत.

पहिलं प्रकरण वाचायला घेण्याआधी सायकल भिंतीला टेकवून पुढचे आणि मागचे दाते मोजा. मोजायला सुरुवात केली त्या दात्यावर खडूची खूण करा, नाहीतर आकडा चुकतो. चाकाच्या टायरवर छापलेलं माप टिपून घ्या. मग रोजच्या वाटेवर ज्या जागी तुम्ही उभं राहून पायडल मारता, तिचं नाव त्या तीन आकड्यांशेजारी लिहा. तक्ते उघडाल तेव्हा या चारच गोष्टी लागतील.